यंत्रानं वाचलेली पुस्तकं: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रंथालयांबद्दल सध्या दोन टोकाची मतं ऐकू येतात. कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, आता जुनी पुस्तकं, पोथ्या, मोडी कागद सगळं यंत्रच वाचून काढेल, हे एक. वाचनालयं, सूच्या आणि ग्रंथपाल यांचं काम संपलं, हे दुसरं. ही नुसती मतंच राहिली असती तर चाललं असतं. पण कोणत्या कामाला पैसा द्यायचा, कुणाला नेमायचं आणि कोणती कपाटं रिकामी करायची हे त्यांच्यावरून ठरणार आहे. म्हणून त्यामागचे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत. जगभरातली उदाहरणं घेईन, पण मुख्य विचार मराठी पुस्तकांचा.

गैरसमज: पुस्तक स्कॅन झालं की ते डिजिटल झालं

स्कॅन म्हणजे पानाचं छायाचित्र. आपल्या डोळ्यांना ते वाचता येतं, संगणकाला येत नाही. छायाचित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं हे वेगळं काम आहे. त्याला ओसीआर म्हणतात, आणि डिजिटल ग्रंथालयाचा खरा उपयोग या दुसऱ्या पायरीपासून सुरू होतो. मजकूर नसेल तर शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला पुस्तक ऐकता येत नाही.

मराठीत ही पायरी फार उशिरा आली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या राज रेड्डींच्या पुढाकारानं दहा लाख पुस्तकं संगणकावर आणण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याचाच भारतीय भाग म्हणून, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागानं, 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' उभी राहिली. तिच्यात हजारो मराठी पुस्तकांची पानं टिपली गेली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं, पण पुस्तकं 'इंटरनेट अर्काइव्ह'वर पोहोचली आणि बचावली. आज जुनं मराठी वाङ्मय शोधणारा माणूस बहुधा तिथेच जातो. तिथे गेल्यावर काय दिसतं? पुस्तकांची नावं रोमन लिपीत आणि मनाला येईल तशी, लेखकाच्या नावात चुका, एकाच पुस्तकाच्या दोन-तीन नोंदी, मधली पानं गायब. मजकुराची फाइल उघडली तर कित्येक वर्षं तिथे एवढंच असे, की या भाषेची अक्षरओळख अजून करता येत नाही. तिथलं जुनं सॉफ्टवेअर देवनागरी वाचतच नव्हतं. २०२० च्या अखेरीस त्याच्या जागी टेसरॅक्ट आलं आणि मग कुठे मराठी पानांना मजकूर मिळू लागला.

टेसरॅक्टचा जन्म १९८५ चा, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतला. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. मोठी उडी मात्र २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत आली. तोवरची पद्धत एकेक अक्षर सुटं करून ओळखण्याची होती. इंग्रजीत ते चालतं. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना बांधून ठेवते, वर मात्रा-रफार-अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. नव्या पद्धतीत न्यूरल नेटवर्क अख्खी ओळ एका दमात वाचतं. कृत्रिम बुद्धिमत्तेनं डिजिटल ग्रंथालयात केलेला सर्वांत मोठा बदल मला हाच वाटतो. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण त्यामुळे लाखो पानं पहिल्यांदाच शोधण्याजोगी झाली.

दुःख याचं वाटतं, की अगदी अलीकडची मराठी पुस्तकंही याच रांगेत उभी आहेत. डीटीपीच्या काळात मराठी पुस्तकं ज्या फाँटांत जुळवली गेली त्यातले बहुतेक युनिकोड नव्हते. अशा फाइलीतला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग उमटते. म्हणजे प्रकाशकाकडे संगणकावरचा मजकूर असूनही ते पुस्तक संगणकाला मुकंच. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं नव्या पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह देशातल्या ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. त्या छापील प्रतीसोबत युनिकोडमधली फाइल देण्याची सवय प्रकाशकांनी आजपासून लावून घेतली, तर पुढच्या पिढीला आपली पुस्तकं यंत्राकडून पुन्हा वाचून घ्यावी लागणार नाहीत.

गैरसमज: नवी यंत्रं अचूक वाचतात, आता तपासायला नको

मला सगळ्यांत जास्त काळजी या समजाची वाटते.

जुन्या ओसीआरच्या चुका ओबडधोबड असत. 'ख'चा 'रव' होई, 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म'. वाळवीनं पाडलेलं भोक किंवा शाईचा ठिपका अनुस्वार होऊन बसे. ओळ वाचली की ती बिघडली आहे हे कुणालाही कळे. गेल्या दोन-तीन वर्षांत पानं वाचण्यासाठी जी मोठी भाषिक प्रारूपं (लार्ज लँग्वेज मॉडेल्स) वापरली जाऊ लागली आहेत ती वेगळ्या तऱ्हेनं चुकतात. त्यांना अक्षराचा आकार दिसतो आणि त्याचबरोबर मराठीत कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हेही ठाऊक असतं. शाई उडालेली असेल तिथे ती शक्य वाटणारा शब्द भरतात. कधी अर्धी ओळ भरतात. वाक्य व्याकरणशुद्ध असतं, ओघवतं असतं, आणि पानावर मात्र नसतं. पूर्वी चूक स्वतःच ओरडून सांगे. आता ती मूळ पान शेजारी ठेवल्याशिवाय सापडत नाही.

मराठीपुरता याचा एक खास धोका आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचं दीडशे वर्षांचं छापील वाङ्मय 'केलें', 'घरांत', 'नांव' असं लिहिलेलं आहे. प्रारूपं शिकतात ती मुख्यतः आजच्या मजकुरावर, त्यामुळे 'केलें' दिसलं तरी 'केले' लिहिण्याकडे त्यांचा ओढा असतो. कुणी म्हणेल, बिघडलं काय? बिघडतं असं, की जुन्या लेखनात 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. 'मी' हा कर्ता आणि 'मीं' म्हणजे 'मी' या सर्वनामाची तृतीया. एक ठिपका गेला की व्याकरणाची माहिती गेली. हरिभाऊ आपट्यांच्या काळातलं पान वाचता वाचता यंत्रानं ते आजच्या लेखनात बदललं, आणि वर हा मूळ मजकूर आहे असं ग्रंथालयानं सांगितलं, तर भाषेच्या अभ्यासकाला ते सरळ सरळ चुकीचा पुरावा देणं झालं. आजच्या लेखनातली प्रत वाचकाला खुशाल द्यावी. पण तिला तसं नाव द्यावं आणि मूळ वेगळं जपावं.

तपासणीची पद्धत नव्यानं शोधायची गरज नाही. मराठी विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात ती चालू आहे. एका बाजूला स्कॅन केलेलं पान, दुसऱ्या बाजूला यंत्रानं काढलेला मजकूर. एक जण तो मुळाशी ताडून पाहतो, पान पिवळं होतं. दुसरा पुन्हा पाहतो, पान हिरवं होतं. न तपासलेलं पान लाल राहतं. वाचकाला एका नजरेत कळतं, की समोरच्या मजकुरावर किती भरवसा ठेवायचा. आपल्या संस्थांनी लाखो पानांची भाषा करण्याऐवजी एवढं करावं: प्रत्येक मजकुराजवळ मूळ पानाचं चित्र ठेवावं, तो कोणत्या यंत्रानं कधी वाचला ते लिहावं, आणि माणसानं तपासला आहे की नाही ते स्पष्ट सांगावं.

गैरसमज: मोडीचा प्रश्न आता सुटलाच

मोडी लिपीबद्दल बोलताना आपल्याकडे उत्साह लगेच चढतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ, तंजावर, कोल्हापूर, शिवाय घरोघरची दप्तरं वेगळीच. हे वाचणारी माणसं मूठभर. शेकडो वर्षांचे जमिनीचे, न्यायाचे, देवस्थानांचे, कर्जांचे कागद त्या मूठभरांची वाट पाहत पडून आहेत.

आयआयटी रुरकीच्या आणि पुण्यातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी कागदांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा २,०४३ प्रतिमा आहेत, प्रत्येकीसोबत देवनागरी लिप्यंतर आहे, आणि मोडीवरून थेट देवनागरी करणारं प्रारूपही त्यांनी घडवलं. हे काम महत्त्वाचं आहे, कारण यंत्राला शिकवण्यासाठी लागणारी जोडी, म्हणजे मूळ कागद आणि जाणकारानं केलेलं वाचन, मोडीसाठी अशी खुली आणि एकत्र मिळणं दुर्मीळ होतं. पण दोन हजार प्रतिमा आणि दप्तरातले कोट्यवधी कागद यांतलं अंतर ध्यानात घ्यावं.

मोडी कठीण का आहे? आधी आडवी ओळ ओढून घ्यायची आणि मग बोरू न उचलता लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नाही. ठिकठिकाणी संक्षेप. तारखांत हिजरी महिने, अरबी संख्याशब्दांतले सुहूर सन. मोडी वाचणारा जाणकारही बराच भाग संदर्भानं लावतो: हा कागद कुणाचा, कोणत्या कचेरीतला, त्या परगण्यात कोणती गावं होती. सर्वसाधारण भाषिक प्रारूपाला ही माहिती नसते, मग ते आजच्या मराठीतला जवळचा शब्द बसवतं. गावाचं नाव बदललं, रकमेतलं एक शून्य गेलं, तर तो कागद पुरावा म्हणून निरुपयोगी.

इथे एक परदेशी उदाहरण नीट पाहण्याजोगं आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम गावातल्या ग्रंथसंग्रहातल्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला. त्या गुंडाळ्या उलगडायला गेलं की तुटतात. केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स यांनी क्ष-किरणांनी आतले थर टिपण्याचं तंत्र वर्षानुवर्षं घडवलं, आणि २०२३ मध्ये त्या गुंडाळ्या वाचण्यासाठी जाहीर स्पर्धा लावण्यात आली. त्याच वर्षी न उलगडलेल्या गुंडाळीतून पहिला शब्द वाचला गेला. तो जांभळा रंग दाखवणारा ग्रीक शब्द होता. २०२४ च्या फेब्रुवारीत तीन तरुणांच्या गटाला सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. बातम्यांत यंत्रानं प्राचीन ग्रंथ वाचला असं छापून आलं. प्रत्यक्षात त्या प्रारूपाला ग्रीक येत नव्हतं. ते एवढंच सांगत होतं, की या बारीकशा तुकड्यावर शाई आहे की नाही. तुकडा मुद्दाम लहान ठेवला होता, यंत्राला अख्ख्या अक्षराची कल्पना करून ते रंगवता येऊ नये म्हणून. उमटलेली अक्षरं मग तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचली. ज्या कामात यंत्राची कल्पनाशक्ती इतक्या काळजीनं आवरून धरली, त्याच कामाचं यश विश्वासार्ह ठरलं. मोडीचे प्रकल्प आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आपल्याजवळ शिकवणीचं साहित्य नाही असंही नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यांतल्या ज्या कागदांचे मूळ रुमाल जागेवर आहेत, त्यांची छायाचित्रं काढून छापील वाचनाशी ओळीनं जुळवली, तर जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या श्रमातून यंत्राचा पाठ तयार होईल. हे काम मोडी जाणणारी माणसंच करू शकतात. म्हणून यंत्र आणायचं तर मोडी वाचणाऱ्यांची संख्या वाढवावी लागेल. मोडीचे वर्ग बंद करून यंत्राची वाट पाहणं म्हणजे दोन्ही गमावणं.

गैरसमज: शब्द टाकला की असेल ते सगळं सापडतं

अक्षरं जुळवून शोधणाऱ्या यंत्राला मराठी नीट शोधता येत नाही, आणि त्यात दोष मराठीचा नाही. 'विहीर' टाकलं तर 'विहिरीवर' येत नाही. 'पाणी' टाकलं तर 'पाण्याचा' निसटतो. शब्दाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं सामान्यरूप होतं, इकार बदलतो, कधी अक्षरच बदलतं. त्यात जुन्या लेखनाची भर. त्यामुळे कितीतरी अभ्यासकांनी 'या मासिकात या विषयावर काही नाही' असा निष्कर्ष काढलेला असेल आणि तो चुकीचा असेल.

अर्थावरून शोधण्याची नवी पद्धत इथे खरोखर उपयोगी आहे. तिच्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचं आकड्यांत रूपांतर होतं आणि अर्थानं जवळचे तुकडे आकड्यांतही जवळ येतात. 'दुष्काळ' शोधला तर 'अवर्षण' सापडतं, 'त्या साली पाऊस झाला नाही' हे वाक्यही सापडतं. जुन्या नियतकालिकांच्या अभ्यासाला याची फार मदत होईल.

पण या पद्धतीला 'नाही' म्हणता येत नाही. काहीच नसलं तरी त्यातल्या त्यात जवळचं ती पुढे करते. एखादा शब्द मराठीत पहिल्यांदा कधी छापला गेला, एखाद्या लेखकानं एखाद्या घटनेवर मौन पाळलं का, अशा प्रश्नांना 'इथे नाही' हे खात्रीचं उत्तर लागतं. त्यासाठी शब्दरूपं ओळखणारा, जुनं-नवं लेखन जुळवणारा साधा शोधच हवा. ग्रंथालयानं दोन्ही शोध शेजारी ठेवावेत.

गैरसमज: चॅटबॉटला विचारलं की ग्रंथालयात जायला नको

२०२५ च्या मे महिन्यात 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्यासाठी १५ पुस्तकांची यादी आली. लेखक खरे होते, इसाबेल अयेंदेसारखे नामवंत. पुस्तकं मात्र त्यातली पाचच खरी. बाकीची दहा यंत्रानं रचली होती, कथानकाच्या सारांशासह. त्याच वर्षी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं आपल्या अभिलेखागाराच्या वाचकांना जाहीर सूचना दिली, की कृत्रिम बुद्धिमत्ता अस्तित्वात नसलेल्या दप्तरांचे क्रमांक देते आहे. जगभरचे ग्रंथपाल अशा कधीच न लिहिलेल्या पुस्तकांच्या मागण्यांना उत्तरं देत बसले आहेत.

मराठीत धोका कमी नाही, उलट जास्त आहे. इंग्रजीच्या मानानं मराठी मजकूर जाळ्यावर थोडा, आणि १९५० पूर्वीचा तपासलेला मजकूर त्याहून थोडा. ज्याबद्दल यंत्रानं कमी वाचलं, त्याबद्दल ते जास्त रचतं. स्वतःच्याच संग्रहातून उत्तर शोधून पान क्रमांकासह देणारी साधनं आता ग्रंथालयं बसवू लागली आहेत. ती पुष्कळ बरी, पण दिलेलं पान उघडून पाहण्याला पर्याय नाही.

गैरसमज: सूची यंत्रच करील, ग्रंथपाल कशाला?

फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 'अ‍ॅनिफ' नावाचं खुलं साधन तयार केलं आहे. पुस्तकाचा मजकूर दिला की ते विषयांच्या नोंदी सुचवतं. जर्मनीचं राष्ट्रीय ग्रंथालयही ते वापरतं. रोज येणाऱ्या हजारो इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांना माणसं पुरणार नाहीत, तिथे हा आधार योग्यच. मात्र हे साधन ज्या विषयसूचीतून सुचवतं ती पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथपालांनीच रचली आहे, आणि त्यांनीच विषय लावलेल्या लाखो पुस्तकांवर ते शिकलं आहे.

मराठीत अशा कामाचं मोल शंकर गणेश दाते यांच्यामुळे कळतं. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. त्यासाठी ते गावोगावच्या ग्रंथालयांत जाऊन पुस्तकं हाताळत होते. जुनं मराठी पुस्तक हाती घेतलं की मुखपृष्ठावरच्या मजकुरावर भागत नाही. लेखकाचं नाव टोपण आहे का? 'दुसरी आवृत्ती' म्हटलं आहे ती खरोखर नवी आहे की जुन्याच छपाईला नवं पान लावलं आहे? पुस्तक स्वतंत्र आहे, भाषांतर आहे की मूळ न सांगता केलेलं रूपांतर? यंत्र पानावर जे छापलं आहे ते खरं धरतं. हे प्रश्न विचारणारा माणूस त्याच्यामागे हवाच.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या बहुसंख्य ग्रंथालयांचा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी निधी येणार असेल तर त्यातला पहिला हिस्सा या माणसांच्या प्रशिक्षणाला आणि पगाराला जावा, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज: मराठीसाठी मोठ्या कंपन्या करतील तेव्हा होईल

नॉर्वेची लोकसंख्या साठ लाखांच्या आत. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २००६ मध्ये आपला सारा संग्रह डिजिटल करायला घेतला. हक्कधारकांच्या संघटनेशी करार केला, त्यांना मोबदला दिला आणि हक्क संपलेले नसलेले ग्रंथही देशातल्या वाचकांना घरबसल्या वाचता येतील अशी सोय केली. मजकूर स्वतःपाशी होता, म्हणून ग्रंथालयाच्याच प्रयोगशाळेनं नॉर्वेजियन भाषेची प्रारूपं घडवून सर्वांना खुली केली. हे ग्रंथालयानं केलं, कंपनीची वाट न पाहता.

आपल्याकडे कायद्यानं बरीच वाट मोकळी आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सर्वांचं आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०२९ चं वर्ष सरावं लागेल. ज्या पुस्तकाची छापील प्रत आपल्याकडे आहे त्याची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. मात्र जतनासाठी ठेवणं आणि जाळ्यावर खुलं करणं या दोन वेगळ्या गोष्टी. जाळ्यावर दिसतं म्हणजे कुणीही घ्यावं, ही समजूत लेखकांवर अन्याय करते. यंत्रांच्या शिकवणीसाठी पुस्तकं वापरण्याचा मोबदला कुणाला द्यायचा, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापासून अमेरिकेच्या न्यायालयांपर्यंत चालू आहे. मराठी लेखकांच्या संघटनांनी त्यात आपली बाजू आताच मांडायला हवी.

आणखी एक भार ग्रंथालयांवर पडला आहे. मजकूर गोळा करणारे एआय कंपन्यांचे स्वयंचलित बॉट डिजिटल संग्रहांवर इतक्या वेगानं तुटून पडतात, की संकेतस्थळं कोलमडतात. खुल्या संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२५ मध्ये केलेल्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक सभासदांनी हा त्रास नोंदवला. आपल्याकडची छोटी संस्था संग्रह खुला करायला निघाली, तर या खर्चाचाही हिशेब धरावा.

गैरसमज: एकदा डिजिटल झालं की कायमचं टिकलं

२०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी दिली नाही. ऑनलाइन सूची परत यायला जानेवारी उजाडला, तीही अपुऱ्या रूपात. पुढच्या वर्षी इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद राहिलं. ब्रिटिश लायब्ररीचे छापील ग्रंथ मात्र फडताळांवर सुरक्षित होते. म्हणून स्कॅन झालं या कारणासाठी जुनी प्रत रद्दीत घालू नये. आणि डिजिटल प्रत एकाच ठिकाणी कधी ठेवू नये.

तुमच्या गावच्या वाचनालयात १९५० पूर्वीची मराठी पुस्तकं असतील, तर एक काम करा. दाते सूचीत त्यांची नोंद आहे का पाहा. नोंद नसलेलं पुस्तक मिळालं, तर मुखपृष्ठाचा आणि शीर्षकपानाचा स्वच्छ फोटो काढून ग्रंथपालांकडे आणि जिल्ह्यातल्या मोठ्या ग्रंथसंग्रहालयाकडे पोहोचवा. प्रताधिकार संपलेलं पुस्तक असेल तर ते विकिस्रोतावर चढवा, आणि त्यातलं निदान एक पान मुळाशी अनुस्वारासकट ताडून पाहा.